दोन धूर

"आबा, आजपण काकूंचा धूर आधी," सौरभ फोनवर म्हणाला. "तुमचा कितीतरी मागून."

"बाईमाणसाला झोप कमी आसती," आबा म्हणाले. "आपलं तसं न्हाई."

सौरभ हसला. मोबाइलवर त्याला वडिलांच्या, माले गावातल्या घराचं अंगण दिसत होतं. पडवीच्या खांबावर कॅमेरा त्यानंच बसवला होता. त्यात अंगण, तुळस आणि ओढ्यापलीकडच्या सारजाकाकूंच्या घराचं छप्पर एवढं यायचं. त्या वस्तीवर घरं दोनच, त्यामुळे गर्दीचा प्रश्न नव्हता. काकूंच्या छपरातून बंबाचा धूर सरळ वर चालला होता.

याच धुरावर आबांचं गावात राहणं ठरलं होतं. आषाढात आबा मोरीत घसरून पडले आणि उठता येईना. सकाळ सरत आली तरी आबांचा बंब पेटला नाही हे बघून सारजाकाकू ओढा ओलांडून आल्या. "भावजी, हायसा का ग्येलासा?" असं त्यांनी अंगणातूनच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कडी उचकटली. दवाखान्यात सौरभनं मारुंजीला आपल्या फ्लॅटवर राहायला येण्याचा विषय काढला, तेव्हा आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मग तह झाला. काकू समोर आहेत तोवर आबा माल्यालाच राहतील. काकू धूर बघतील. आणि आबांनी सकाळ शिस्तीत घालवायची.

शिस्त सौरभला कंपनीच्या शिबिरात मिळाली होती. कोमट पाणी प्यावं, मोकळ्या हवेत चालावं, मग रोज एक काम दुसऱ्यासाठी करावं, म्हणजे दिवस छान जातो. ज्या माणसानं जन्मभर म्हशींच्या हंबरण्यावर डोळे उघडले, त्याला सौरभनं लवकर उठण्याचे फायदे रंगीत चित्रांसह पाठवले. पण म्हशी विकल्यापासून आबा ऊन अंगावर येईपर्यंत पडून राहायचे, हेही खरं होतं. "उठून करू काय? कुणाची धार काढू?" असं ते विचारायचे. याचं उत्तर शिबिरात सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर मात्र आबा सुधारले. अंधार असतानाच बॅटरी घेऊन चालायला जाऊ लागले. परत यायचे तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली असायची. मग स्वतःचा बंब पेटवायचे, चहा घ्यायचे. एकदा व्हिडिओ कॉलवर कपाळाला काजळी दिसली, तर बंब लई नखरे करतो म्हणाले. आबांची ही गोष्ट सौरभनं ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याची स्वतःची सकाळ काही सांगण्यासारखी नव्हती. जुईलीशी घटस्फोट होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. अकराव्या मजल्यावर तो एकटाच राहायचा आणि शेजारच्या दारावरची पाटी त्याला अजून पाठ नव्हती. गजर व्हायचा, तो बंद करायचा, पुन्हा व्हायचा. मग तो पडल्या पडल्या मोबाइलवर अंगण उघडायचा. काकूंचा धूर निघाला की तो पाय जमिनीवर टेकवायचा. आबांचा निघाला की दात घासायचा. शिस्तीतलं एवढंच काय ते त्याला जमलं होतं. आबांसाठी घेतलेली गादी मधल्या खोलीत होती, प्लास्टिकही न काढलेली.

"आबा, इथं करमेल तुम्हाला," त्यानं आजही सवयीनं म्हणून बघितलं. "खाली बाग आहे. म्हाताऱ्यांचं हास्यमंडळ आहे."

"हसायला मंडळ लागतंय व्हय?"

पलीकडून फुंकर मारल्याचा आवाज आला. आबा बशीतला चहा निववत होते.

"हितं सारजावैनीचं लई ध्यान आसतंय," आबा म्हणाले. "तू घोर करू नगंस."

"काकूंना द्या ना फोन एकदा. आभार तरी मानतो."

"आत्ता? आंघुळीच्या वक्ताला बाईमाणसाच्या दारात फोन घिऊन जाऊ?"

ते पटण्यासारखं होतं.

रविवारी सौरभला गजराच्या आधीच जाग आली. आदल्या रात्री त्यानं ठरवून टाकलं होतं. फ्लॅटचा विषय पुन्हा काढायचा नाही. गादी कुणाला तरी देऊन टाकायची. आबांची सकाळ माल्यालाच मार्गी लागली होती, आणि ती काकूंमुळे. काकूंचा मुलगा शेखर उरवड्याला कारखान्यात होता. आईनं तिकडे यावं म्हणून तोही किती वर्षं मागं लागला होता, आणि काकू हलत नव्हत्या. त्यांनी असंच राहावं, एवढं त्यांना आधी सांगायचं आणि मग आबांकडे जायचं, असा सौरभचा बेत होता. काकूंसाठी त्यानं जाडसर स्वेटर घेतला होता.

तो अंधारातच निघाला. पिरंगुट गेलं, पौड गेलं. माल्याच्या वस्तीपाशी येईपर्यंत फटफटलं होतं. गाडी ओढ्याशी उभी करून तो काकूंच्या घराकडे चालू लागला. छपरातून धूर नुकताच निघत होता. मोबाइलशिवाय तो हा धूर पहिल्यांदाच बघत होता. त्याला वासही होता.

अंगणात पाचोळा साचला होता. काकूंना हे कधी खपलं नसतं. थकल्या असतील, सौरभला वाटलं. दाराच्या कडीला कुलूप उघडंच लोंबत होतं.

त्यानं हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही. त्यानं दार ढकललं.

भांडी फळीवर पालथी होती. अंथरूण वळकटी करून दोरीनं बांधलेलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर दिवाळीच्याच महिन्यात थांबलं होतं; एका तारखेपुढे 'उरवडे' असं लिहिलेलं होतं. मोरीजवळ बंबासमोर, हातात फुंकणी घेऊन, आबा उकिडवे बसले होते.

आबांनी त्याच्याकडे बघितलं, हातातल्या स्वेटरकडे बघितलं आणि पुन्हा बंबाकडे तोंड वळवलं.

"दार लोट आधी," ते म्हणाले. "वाऱ्यानं धूर हितंच फिरतोय. वर दिसाय पायजे."