टेकू

‘प्युअरली’ म्हणण्याआधी आवाज थांबला होता. फार नाही, पापणी मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ. मग तो शब्द आला, जरा दाबून, जरा वरच्या पट्टीत. त्यामागोमाग ‘बिकॉज ऑफ माय मदर’.

संशोधिकेने हेडफोन कानांवर घट्ट धरले आणि तुकडा पुन्हा लावला. तिच्या पाठीला पाठ लावून तिची सहकारीण तोच तुकडा ऐकत होती. आवाजातली खोट दुरूनही टिपते म्हणून सगळा विभाग तिला घार म्हणायचा.

इंग्रजी बोलणारी माणसं कारण सांगताना ‘बिकॉज’च्या आधी एखादा वजनदार शब्द ठेवतात: सिम्पली, प्युअरली, प्रिसाइजली. त्यातला कुठला शब्द कारणाला खरंच बळ देतो आणि कुठला नुसता कलत्या भिंतीला लावलेला टेकू असतो, हे ओळखायची रीत संशोधिकेने बसवली होती. आवाज देशोदेशीचे, ओळख पटू नये म्हणून पट्टी बदललेले. तुकडा कारणापासूनच सुरू व्हायचा. बोलणाऱ्याने ठरवलं काय, ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दोघींनी पाठमोरं बसून ऐकायचं, कारण खरं वाटलं तर आपापल्या पाटीवर ‘भिंत’, नाहीतर ‘टेकू’ लिहायचं आणि एकदम वळायचं. पुढे त्याच माणसांना पुन्हा विचारलं की टेकूवाले बहुतेक कबूल व्हायचे, खरं कारण निराळंच होतं. ‘पार्टली बिकॉज’ म्हणणारे मात्र सहसा खरे निघायचे.

तिने खडू उचलला तेवढ्यात दार उघडलं. विभागप्रमुख सर होते. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते.

“विभागप्रमुख म्हणून तुझं नाव देऊ का? आता शेवटचं विचारतोय. बाहेरचा कुणी आला तर पहिल्यांदा तुमची ही पाठमोरी बैठक मोडेल. म्हणेल, यंत्र आहे ना, मग माणसांचे कान कशाला?”

“सर, माझं घरचं तुम्हाला माहीतच आहे.”

“माहीत आहे. जेवून येतो, तोवर विचार कर.”

दार लागलं. संशोधिकेने पाटीवर एक शब्द लिहिला. “झालं?”

“कधीच.”

दोघी वळल्या. दोन्ही पाट्यांवर टेकू.

“बिचारी आई!” घार म्हणाली. “लेक आपल्या नावावर पावती फाडतेय, हे तिच्या गावीही नसेल.”

“आणि दाब किती दिलाय बघ. एवढा जोर लावावा लागतोय म्हणजे आई ठणठणीत असणार.”

एकमत झालं की मूळ ध्वनिमुद्रण पट्टी न बदलता, पहिल्यापासून ऐकायचं, असा नियम होता. घारीने ते लावलं.

“टेस्टिंग, टेस्टिंग,” संशोधिकेचाच आवाज खोलीत घुमला.

नवा माइक आला तेव्हा तो तपासायला तिने स्वतःच बोलून पाहिलं होतं. ते पुसायचं राहिलं आणि नमुन्यांच्या ढिगात जाऊन पडलं. आपण विभागप्रमुखपद नाकारलं, असं तिचा आवाज स्वच्छ इंग्रजीत सांगत होता. मग पापणीएवढी शांतता. मग ‘प्युअरली’.

घारीने दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी हसू बोटांमधून सांडलंच. “अगं बाई, तुझीच पावती!”

संशोधिकेचे कान तापले. तिने आपल्या पाटीकडे पाहिलं. तिच्याच अक्षरात, ठसठशीत, जराही न चाचरता लिहिलेला शब्द. तिला एकदम ताठ बसावंसं वाटलं.

“पकडलं गं आपण,” ती म्हणाली. “मलासुद्धा. तूही आणि मीही, एकमेकींना न विचारता. रीत चोख आहे. मालकिणीलाही सोडत नाही.”

“रीत चोख आहेच. मालकिणीचं बोल. आई काय करतेय आत्ता?”

“पोहायला गेलीय. नंतर मैत्रिणींबरोबर पत्ते. मी लवकर घरी गेले तर तिची अडचणच होते.”

“मग टेकू काढल्यावर मागे राहतं काय?”

संशोधिकेने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

“थोडी भीती. सभेत चार लोकांसमोर उभं राहायची. थोडा आळस. आणि...”

“आणि?”

“नको नको म्हणण्यातला मोठेपणा. तोही आवडतो माणसाला.”

घारीने आपली पाटी ओल्या फडक्याने पुसली, तिच्यावर ‘भिंत’ लिहिलं आणि संशोधिकेसमोर उभी केली.

बाहेर सरांच्या चपला वाजल्या. रुमालाला हात पुसत ते आत आले.

“काय मग? बाहेरचं नाव कळवू? आई बरी आहे ना?”

घार खुर्ची फिरवून पाठमोरी झाली. हेडफोन गळ्यातच होते, तरी सवयीने तिने डोळे मिटले आणि कान दिला.

संशोधिका उठून उभी राहिली.

“आई मजेत आहे, सर. विभाग मी चालवणार.”