सोडलेले चेंडू

दुकानाची काच काल दुसऱ्यांदा फुटली, तरी मामांनी कासवाचा फोटो उतरवला नाही.

मामा बॅटी दुरुस्त करायचे. देशाचा सलामीवीर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दीडशे चेंडूंत तीस धावा काढतो, म्हणून लोक त्याला कासव म्हणत. टाळ्या मागून येणाऱ्यांना, शिव्या याला.

"नवा चेंडू अंगावर घेऊन जुना कोण करतो रे?" मामा येईल त्याच्याशी हुज्जत घालत. "आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांचं तेवढं कौतुक!"

आज मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या कसोटी सुरू होणार होती. समोरच्या गोलंदाजाने गेल्याच महिन्यात एकाचा जबडा मोडला होता. त्यात काच फोडणाऱ्या दगडाला कासवासाठी चिठ्ठी बांधलेली होती: या कसोटीत रखडलास तर घरी पोचणार नाहीस.

ऊन उतरताना कासव आला आणि दाराच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या स्टुलावर धडकला.

"वा रे पठ्ठ्या! ताशी दीडशेचा चेंडू चुकवतोस आणि एवढं स्टूल चुकवता येत नाही?"

तो हसला नाही. "माझी बॅट झाली का?"

"कधीच." मामांनी फळीवरून बॅट काढली. तडकलेली कड त्यांनी सरस लावून, पट्टी गुंडाळून पक्की केली होती. बॅटचा मध्य अजून कोराच होता. लाल डाग सगळे कडांना आणि खांद्याला. "बरगड्या कशा आहेत?"

"काळ्यानिळ्या."

"मार खातोस, पण उगाच बॅट घालत नाहीस. परवा यष्टीला चाटून चेंडू गेला, माझ्या काळजाचं पाणी झालं. तू मात्र डावा खांदा गोलंदाजाकडे करून नुसता उभा! सगळं मैदान उठून टाळ्या वाजवत होतं."

कासवाने तळहात पँटला पुसले. "मामा, मला वगळणार होते. नक्की झालं होतं. सकाळी अचानक नाव परत घातलं."

मामांची छाती फुगली. निवड समितीचे प्रमुख गुरुवारी दुकानात आले होते आणि मामांनी तासभर त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"मीच शब्द टाकला. म्हटलं, याच्यासारखं चेंडू सोडणं देशात कुणाला जमत नाही."

कासवाचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अरे, घाबरतोस काय?"

"घाबरतो." त्याने गल्ल्याची कड पकडली. "आईला सांगितलं होतं, आता संपलं. किती दिवसांनी ती पोटभर जेवली."

"मग नाही म्हणायचं."

"दहा वर्षं शिव्या खाल्ल्या. आता कुठे टाळ्या मिळाल्या. नाही म्हणायला जीभ रेटली नाही."

पोरगं दडपणाखाली आहे, मामांना वाटलं. त्याला धीर द्यावा म्हणून ते बॅट घेऊन गल्ल्याबाहेर आले, त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि बॅटची मूठ त्याच्याकडे केली.

कासव समोर फळीकडेच बघत राहिला.

मामांनी मूठ आणखी वर नेली. पार त्याच्या डाव्या डोळ्यापर्यंत. हलवली. पापणीसुद्धा लवली नाही.

"द्या ना मामा बॅट," तो म्हणाला. "कुठे ठेवलीत?"