तलावातली पारख

बुडालेली माणसं शोधायला गावच्या तलावासाठी आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र घ्यायचं ठरलं. नमुन्याला दोन यंत्रं आली. कोणतं बरं, हे पारखायला कुंदनने भंगारातली एक मोटारसायकल तलावात बुडवली आणि सरपंच झुलालआबांना होडीत घेतलं. पहिल्या यंत्राच्या पडद्यावर एक मोटारसायकल दिसली. दुसऱ्याच्या पडद्यावर दोन.

"दुसरं मशीन खोटं बोलस," आबा म्हणाले. "पहिलंच लई ल्या."

कुंदन पडद्याकडेच बघत राहिला. "आबा, मना मोठा भाऊ मोटारसायकलवर सुरतले पळी गया, हाई गावले तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

आबांनी काठावर नजर फिरवली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. मग त्यांनी होडीचं इंजिन बंद केलं.