पुन्हा उघडलेल्या तक्रारी

साडेदहाला उघड्या तक्रारी एकशे बारा झाल्या. नऊ वाजता एकही नव्हती.

संगणकवाल्या ताईंनी डोळे चोळले आणि पान पुन्हा उघडलं. एकशे सतरा. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तोच आकडा लालभडक झळकत होता, म्हणजे लपवायचीही सोय नव्हती. इस्पितळाच्या दुरुस्ती खात्यात तक्रारवहीऐवजी सॉफ्टवेअर आणायचा हट्ट त्यांचाच. तीन महिने त्या त्याच्याशी झटत होत्या. एक गोष्ट सुरळीत केली की दुसरीकडे भलतंच व्हायचं. जिन्यातल्या दिव्याची तक्रार सुताराकडे जायची आणि मोडक्या खुर्चीची प्लंबरकडे. तरी ताईंनी पिच्छा सोडला नव्हता. आज अकरा वाजता साहेब ठरवणार होते, हे ठेवायचं की गुंडाळायचं. गुंडाळलं तर ताईंची नोकरीही त्याच्याबरोबर गुंडाळली जाणार, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

"किती झाल्या?" दारातून फ्यूजमामांनी विचारलं. फ्यूजमामा म्हणजे खात्यातले सर्वांत जुने वायरमन. एकतीस वर्षं नोकरी. त्यांनी संगणकाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि मामा लावत नाहीत म्हणून बाकीचे आठ जणही लावत नव्हते. काम झालं की सगळे तोंडी सांगून मोकळे. नोंद करायला ताई होत्याच.

"एकशे तीस," ताई म्हणाल्या.

"वही कपाटात वरच्याच कप्प्यात आहे हो. आपलं सहज सांगितलं."

एरवी ताई हसल्या असत्या. आज रडू जवळ आलं होतं.

कारण घोळ कुठे झाला ते आता त्यांच्या लक्षात आलं होतं. 'तुमचं काम झालं' अशी मेल तक्रार करणाऱ्याला जायला हवी होती. तीन महिन्यांत एकही गेली नव्हती. काल संध्याकाळी सेटिंगच्या पाचव्या पानावर, कुणी फिरकूही नये अशा कोपऱ्यात, त्यांना एक रिकामी चौकट सापडली. त्यांनी तिथे टिक केली आणि खुशीत घरी गेल्या. त्या एका टिकमुळे तुंबलेल्या सगळ्या मेल एकदम सुटल्या. सकाळी कामावर आलेले लोक त्या वाचून उत्तरं पाठवत होते. आणि उत्तर आलं की माणूस नाराज आहे असं समजून सॉफ्टवेअर ती तक्रार पुन्हा उघडत होतं. हा नियमही ताईंनीच बसवलेला, पहिल्याच आठवड्यात, मोठ्या हौसेने.

म्हणजे एकशे बेचाळीस माणसं नाराज! एकही उत्तर उघडून बघायचा ताईंना धीर होईना.

साहेब अकराला दहा कमी असतानाच आले. मागोमाग खात्यातली सगळी मंडळी. स्क्रीन बघून साहेब जागीच थबकले.

"मॅडम, हे काय? काल तर सगळं निपटलं म्हणालात."

"निपटलं होतं, सर."

"मग वाचा एखादी. मोठ्याने वाचा. लोकांचं म्हणणं तरी कळू दे."

ताईंनी जीव मुठीत धरून पहिली उघडली. लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरची होती. "टेबलावरचा दिवा बदललात आणि बाळाची शीर पहिल्या खेपेला सापडली. बाळ रडलंसुद्धा नाही. ज्यांनी बदलला त्यांना आमचे आभार सांगा."

ताईंनी दुसरी उघडली. खिडकी आता नीट लागते, खोली क्रमांक बाराचे आजोबा दुपारी निवांत झोपतात, थँक्यू. तिसरी स्वयंपाकघरातून, नळाबद्दल, चार ओळींत पाच वेळा धन्यवाद. ताई वाचत सुटल्या. एकही कुरबूर नव्हती. सुतार शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "ती खिडकी माझी." प्लंबर म्हणाला, "आणि नळ कुणाचा?" ताईंना हसू आवरेना. साहेब टेबलाच्या कडेवर बसून ऐकत राहिले, अकरा कधी वाजले ते कुणालाच कळलं नाही.

"पण आभार मानले की तक्रार उघडते, हे काही बरोबर नाही," शेवटी साहेब म्हणाले. "बंद करता येईल?"

"नियम काढला की झालं. एक मिनिटाचं काम आहे."

मामा इतका वेळ दारातच उभे होते. एकतीस वर्षं ते दिवा लावायचे आणि शिडी खांद्यावर टाकून निघायचे. त्या उजेडात पुढे काय झालं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबा," मामा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, संगणकासमोर बसले आणि खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला. "ताई, त्या सिस्टरला विचारायचंय, बाळ आता कसं आहे म्हणून. कुठलं बटण दाबू?"