अर्धी सुरावट

मांडणीवरची वाटी घसरली आणि फरशीवर गरगरत राहिली. क्रांतीनं व्हायोलिनवरून बो उचलला, डोळे मिटून वाटी थांबायची वाट बघितली आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आतल्या खोलीत मोनानं कूस बदलली. जागी झाली नाही, तेवढं बरं.

हॉलंडच्या एका संगीतकाराची ही रचना. सूर मोजकेच, तेच ते पुन्हा पुन्हा, पण गोंजारणारे नाहीत. हातोडा हाणल्यासारखे वाजवायचे. वादकांच्या दोन फळ्या समोरासमोर. एक सूर या फळीचा, पुढचा त्या फळीचा. एकत्र कधीच वाजवायचं नाही. एक थांबते तेव्हाच दुसरी वाजते, म्हणून थांबणंसुद्धा नेमकं हवं. एका फळीत वाजवणाऱ्या पुण्याच्या मैथिलीनं समोरच्या फळीतल्या जागेसाठी क्रांतीचं नाव सुचवलं होतं. संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग गेलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार. गेलं आणि निवड झाली, तर महिनाभर पुण्यात राहायचं. मोना झाल्यापासून कुणी तिला वाजवायला बोलावलंच नव्हतं.

तिनं पुन्हा सुरुवात केली. सूर, गप्प. सूर, गप्प. एका गप्पमध्ये भंगारवाला ओरडून गेला. पुढच्या खेपेला शेजारच्यांची पाण्याची मोटर घरघरली. मग सासूबाई.

"जुळलं का न्हाय अजून?" बाळाबाईंनी लसूण सोलता सोलता विचारलं.

"हेच वाजवायचं हाय, आत्या."

"व्हय? मग मधलं कुणी खाल्लं?"

क्रांतीला हसू आलं. मधलं मैथिली वाजवणार, असं तिनं सांगितलं. बाळाबाईंनी सुपातली सालं फुंकली.

"म्हंजे अर्धं तिकडं, अर्धं हिकडं. आन् जायचं तू."

पोरीचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. सुनेला शांतता मिळावी म्हणून लसूण सुपासकट उचलून मागच्या दारी जाऊन बसल्या. न विचारलेलंच क्रांतीला टोचत राहिलं.

तेवढ्यात मैथिलीनं आपल्या वाट्याचं वाजवून पाठवलं. क्रांतीनं ते इअरफोननं एका कानात लावलं, नवऱ्याच्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बो टेकवला. तिचा सूर, मैथिलीचा सूर. तिचा, मैथिलीचा. इतके दिवस नुसती भोकं वाजवत होती, ती एकाएकी बुजली आणि सुरावट धावत सुटली. तिची टाच जमिनीवर पडायला लागली. भंगारवाला, मोटर, भिंती, सगळं मागं राहिलं.

मोना कधी उठून आली ते तिला कळलंच नाही. पांघरूण ओढत आली आणि समोर फरशीवर बसली, झोपेनं गालावर चादरीचे वळ उठलेले. तिला ऐकू येत होते ते फक्त आईचे सूर. आणि मधे मधे, काहीच वाजत नसताना, भिंतीकडं बघून हसणारी आई दिसत होती.

क्रांतीनं डोळ्यांनीच दटावलं, गप्प. शेवट जवळ आला होता. आता चुकायचं नव्हतं.

मोना शहाण्यासारखी गप्प बसली. बो तारेवर होता तोवर हललीसुद्धा नाही. मैथिलीच्या सुरासाठी तो वर उचलला गेला, तेव्हा हळूच म्हणाली,

"आई, तू थांबतीस तवा कुठं जातीस?"