मानाची मावशी

"बाबा कुठं असतात?" सुकेशनीनं लेकीला पुन्हा विचारलं.

"बँकेत," सत्यशीला शहाण्यासारखी म्हणाली.

"आणि शालूला हात?"

"लावायचा न्हाई."

सुकेशनी आज नवरीची मावशी होती. खरी नव्हे, भाड्यानं आणलेली.

नवरदेवाचे वडील व्यंकटराव म्हणजे पूर्ण्याचे मोठे गुत्तेदार, रस्त्यांची कंत्राटं घेणारे. सोयऱ्यांच्या भेटीला मामा, मावश्या, आत्या असा भरगच्च गोतावळा येणार, असा त्यांचा निरोप आला आणि नवरीच्या बापाचं, अप्पारावांचं धाबं दणाणलं. माइकवर नाव पुकारून मामानं मामाला, मावशीनं मावशीला भेटायचं. समोर कुणी उभंच नसलं तर? वालूरच्या साध्या कारकुनानं मिरवण्याजोगी माणसं आणायची कुठून? मग मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या महारुद्रनं गुपचूप माणसंही पुरवली. शालू त्याचा, पाटल्या त्याच्या. सुकेशनी बी.ए. झालेली, बोलणं शुद्ध, म्हणून तिला मावशीचा मान.

नवरा कामाला होता ती कापसाची जिनिंग बंद पडली होती. लगीनसराईभर महारुद्रनं बोलावलं, तरच घरात चूल पेटणार होती. त्यानं आधीच बजावलं होतं, "एकदा जरी पकडल्या गेलात ताई, तर परत माझ्या दारात यायचं नाही."

भेटी झाल्या. व्यंकटरावांच्या गळ्यातला जाडजूड गोफ बघूनच अप्पाराव अर्धे वाकले. सुकेशनीच्या गळ्यात पडली ती नवरदेवाची मावशी, कमलबाई. पडली ती काही केल्या सुटेना. पंगतीतही शेजारीच बसली.

"पोरगी तुमच्या अंगाखांद्यावर वाढली असंल?"

"हो तर. खूप गुणाची."

"लहानपणी कशी व्हती?"

"शांत." सुकेशनीनं घाईनं विषय फिरवला. "आणि आमचे जावई?"

"त्ये बी शांतच," म्हणत कमलबाईनं वाढप्याला हाक मारली. "ए दादा, जिलेबी फिरव की इकडं!"

सुकेशनी तिला चोरून बघत राहिली. बाई नवलाची होती. पायाच्या टाचा भेगाळलेल्या. पाटल्या हात उचलला की कोपराकडं घसरायच्या. पदर मांडीखाली दाबून, वरणाचा थेंब उडू न देता जेवत होती. एवढ्या मोठ्या घरची बाई, एका डागाला इतकं काय भ्यायचं? असं जपतात म्हणूनच यांच्याकडं पैसा टिकत असेल, सुकेशनीला वाटलं. तेवढ्यात कमलबाईनं जिलेबी कागदी रुमालात गुंडाळून कमरेला खोचली.

"नातवाला. ताप हाय त्याला," ती म्हणाली आणि सत्यशीलाकडं वळली. "तुजे बाबा काय करतेत गं?"

"बँकेत असतात," सत्यशीला म्हणाली. "पण बँक बंद पडली."

सुकेशनीचा हात पानावरच थांबला. आजूबाजूच्या दोन-तीन बाया बघायला लागल्या.

"आज रविवार न्हाई का," कमलबाई मोठ्यानं हसली. "बंदच असती बँक."

बाया पुन्हा पानाकडं वळल्या. कमलबाई मात्र हसता हसता थांबली. तिनं सुकेशनीच्या पाटल्यांकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. हात धुतला आणि तरातरा मांडवामागं निघून गेली.

ओळखलं हिनं. आता व्यंकटरावांच्या कानावर घालणार. भर मांडवात अप्पारावांची शोभा होणार, नवरीचं काय होईल कोण जाणे, आणि महारुद्र तर पुन्हा दारात उभं करणार नाही. सुकेशनीनं कसंबसं लेकीचं जेवण उरकलं, तिला काखोटीला मारलं आणि भटारखान्यामागच्या सामानाच्या खोलीकडं धावली. शालू देऊन टाकावा, घरच्यासाठी जेवणाचा डबा घ्यावा, निघावं.

तिनं दार ढकललं.

आत महारुद्र लोखंडी पेटी उघडून बसला होता. त्याच्यासमोर विटक्या लुगड्यात कमलबाई, शालूची घडी घालत. पाटल्या तिनं केव्हाच काढून पेटीत ठेवल्या होत्या.

"ये गं माय," ती म्हणाली. "दार तेवढं लाव."

"राहू द्या उघडंच," महारुद्र मान वर न करता म्हणाला. "व्यंकटरावांचा सूट अन् गोफ यायचाय अजून."