चार हजार संत्र्यांचं इंजिन

"शेळी सुटली!" कोणीतरी ओरडलं, आणि संत्रा-जत्रेच्या मंडपातल्या बायकांनी आधी आपल्या टोप्या सांभाळल्या.

शेळी पाद्रीबाबांची, नाव डेलायला. संत्र्याच्या सालीसाठी तिने चर्चचं कुंपण दोनदा मोडलं होतं. आज ती थेट मिनर्व्हा टटलच्या आराशीकडे निघाली. चार हजार संत्र्यांचं, धुराड्यासकट उभं केलेलं, खऱ्याएवढं आगगाडीचं इंजिन! मिनर्व्हा धास्तावली. शेळी इंजिन खाईल ही भीती तिला नव्हती. खाणार नाही, ही होती.

जानेवारीतल्या हिवाने यंदा कॅलिफोर्नियातलं ते अख्खं खोरं करपवून टाकलं होतं. पण कमिटीने पहिल्यांदाच एका बाईला आरास करू दिली होती, तीही कुरकुरत. "हरलात तर पुन्हा मुरांब्याच्या टेबलापाशी बसायचं हं, बाई," असं अँब्रोज लस्क चारचौघांत म्हणाला होता. पहिल्या बक्षिसाचा चांदीचा कप सहा वर्षं त्याच्याच घरी मुक्कामाला होता. मग मिनर्व्हाने पोत्यांनी बटाटे आणले, रंगवले आणि वर संत्र्याचा अर्क शिंपडला. माणसं फसली.

डेलायलाने पुढच्या चाकातला एक बटाटा चाटला. शिंकली. तोंड फिरवून चालू लागली.

सगळ्या माना इंजिनाकडे वळल्या. मिनर्व्हाने डोळे मिटले. आता लस्क बोंब ठोकणार, आणि उरलेला जन्म मुरांबा ढवळण्यात जाणार.

बोंब काही आली नाही. तिने डोळे उघडले. लस्क आपल्या आराशीतल्या नारिंगी किल्ल्यापुढे दोन्ही हात पसरून उभा होता. ऐन फेब्रुवारीत घामाघूम. समोर शेळी.

"हाकला हिला! कुणाची आहे ही अवदसा?"

मिनर्व्हाला हसू आवरेना. "अहो लस्क, बाजूला व्हा की! एवढा बुलंद किल्ला तुमचा, एका शेळीला काय भिता?"

लस्कने तिच्याकडे पाहिलं. मग शेळीकडे.

"आजारी दिसतेय बिचारी, भूकच मेलीय तिची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि परीक्षकसाहेब, उगाच वेळ कशाला घालवता? कप बाईंच्या इंजिनाला देऊन टाका. असलं काम जन्मात पाहिलं नाही मी."

परीक्षक बीमसाहेबांनी मान डोलावली. गावात रंगाचं दुकान एकच होतं, ते त्यांचं; आणि यंदा जत्रेआधीच त्यांच्याकडचा नारिंगी रंग संपला होता.